ऑडिटरचं शिक्षण

"नाक धरा," रावसाहेब म्हणाले.

मी माझं नाक धरलं.

"तुमचं नाही, मास्तर. कुत्र्याचं."

मी वाकून पिल्लाचं नाक धरलं. पिल्लानं माझा अंगठा तोंडात घेऊन दातांची धार तपासली. व्हरांड्याच्या खांबाला टेकून रावसाहेबांची मुलगी कालिंदी उभी होती. तिनं पदर तोंडाशी नेला आणि एकाएकी बागेतल्या पपईकडे फार लक्ष देऊन पाहायला लागली.

"आता हा पंख त्याच्या नाकाखालून फिरवा. सावकाश. तित्तराचा आहे. एकदा हा वास त्याच्या डोक्यात बसला की मरेपर्यंत निघत नाही."

मी पंख फिरवला. पिल्लानं अंगठा सोडला, पंख हुंगला आणि शिंकलं.

"छान," रावसाहेब म्हणाले. "दिवाळी होऊन थंडी पडली की याला माळावर काढू. यानं पक्ष्यावर रोख धरला, तर मग त्या दुसऱ्या विषयाचं बोलू."

तो दुसरा विषय खांबाला टेकून उभा होता. खरं तर मी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून मागणी घालायला गेलो होतो आणि पिल्लू घेऊन परत आलो.

रावसाहेब फणसे जंगलखात्यातून निवृत्त होऊन आमच्या तालुक्याच्या गावी, माळाच्या कडेला बंगली बांधून राहिले होते. परवाना काढून तित्तर-लावे मारायला तेव्हा मुभा होती, आणि रावसाहेबांना दुसरं काही करायची इच्छा नव्हती. त्यांच्याकडे पॉइंटर जातीची कुत्री असत. या जातीचं कुत्रं पक्ष्यावर धावून जात नाही. झुडपात पक्षी आहे असा वास आला की जागच्या जागी थिजतं. पुढचा एक पाय उचललेला, शेपूट ताठ, नाक पक्ष्याच्या दिशेला. मग शिकाऱ्यानं पुढं जायचं, पक्षी उठवायचा आणि बार टाकायचा. या थिजण्याला रावसाहेब रोख धरणं म्हणत, आणि म्हणताना आवाज असा खाली आणत की ऐकणाऱ्यानं चपला काढाव्यात.

कुत्र्यांना ते सरकारी हुद्द्यांची नावं देत. पिल्लाची आई कमिशनर; ती दिवसभर झोपे. पिल्लाचं नाव ऑडिटर, कारण डोळे उघडल्यापासून त्याचं तोंड दुसऱ्याच्या ताटात.

"पण रावसाहेब," मी धीर करून म्हणालो, "मी ड्रॉइंग मास्तर. मला कुत्र्यातलं काय कळतं?"

"बंदूक कुणीही उडवतं, मास्तर. कुत्रं शिकवायला धीर लागतो. माझ्या मुलीबरोबर राहायला त्याहून जास्त लागतो. कसं?"

"बाबा!" पपईकडे पाहत कालिंदी म्हणाली.

*

मी भाड्यानं राहत होतो ते यमुनाक्का जोगळेकरांच्या मागच्या खोलीत. मी मासे-मटण खाणारा, पण आक्कांच्या घरात अंड्याचं नावसुद्धा काढायची सोय नव्हती. पिल्लू बघून आक्का म्हणाल्या, "कुत्रं चालेल. दहीभात खाईल. आणि ते कागदात काय रे?"

"पंख आहे आक्का. शिकवण्यापुरता."

"माझ्या घरात मांस?"

"मांस नाही हो. नुसती पिसं."

"पिसांना मालक होता ना?"

बरीच घासाघीस झाल्यावर आक्कांनी तडजोड मान्य केली. पंख मागच्या पडवीत, घट्ट झाकणाच्या डब्यात राहील. उघडा दिसला की मी, कुत्रं आणि पंख तिघंही रस्त्यावर. डबा त्यांनीच आणून दिला. पत्र्याचा, चपटा, वरचं चित्र घासून गेलेला. "जुना आहे, पण झाकण पक्कं आहे," त्या म्हणाल्या. "मुंगी शिरायची नाही."

मुंगी शिरली नाही हे खरं. आत काय होतं नि बाहेर काय येत होतं, याची मला कल्पना असण्याचं कारण नव्हतं. फळ्यावर रंगीत खडूनं मोर आणि कमळं काढून काढून माझ्या नाकाचा मार्ग केव्हाच बंद झाला होता. गुलाब आणि गटार मला सारखंच.

शिक्षण सुरू झालं. रोज सकाळी शाळेआधी मी बांबूच्या टोकाला दोरी, दोरीला पंख असा थाट करून ऑडिटरला मागच्या परसात न्यायचो. पंख जमिनीवरून फडफडत पळवायचा. पिल्लू मागं धावणार. पंख त्याच्या तोंडी कधीही लागू द्यायचा नाही. धावून काही मिळत नाही हे त्याला उमगलं की एके दिवशी ते आपोआप थांबतं, असं रावसाहेबांनी सांगितलं होतं. तो दिवस येईपर्यंत मी परसात इतक्या गिरक्या घेतल्या की शेजारचे पोस्टमास्तर आक्कांना विचारून गेले, मास्तरांचं सगळं ठीक आहे ना म्हणून.

बंदुकीच्या आवाजाला पिल्लू बुजू नये म्हणून त्याला जेवण देताना दणका करायचा, हाही रावसाहेबांचा नियम. ते काम आक्कांनी हौसेनं अंगावर घेतलं. दहीभात ठेवायचा आणि पितळी परातीवर बत्ता हाणायचा. पहिल्या दिवशी पिल्लाऐवजी मी बुजलो. पण आठवड्याभरात असं झालं की गल्लीत कुणाच्या हातून भांडं पडलं तरी ऑडिटर तिथं जाऊन समोर बसायचा आणि जेवणाची वाट पाहायचा.

आणि एका सकाळी तो थांबला. पंख जमिनीवर टेकला होता, ऑडिटर झेप घ्यायच्या बेतात होता, आणि मधेच कुणीतरी कळ फिरवल्यासारखा थिजला. पुढचा डावा पाय वर. शेपूट ताठ. मी श्वास रोखून मागून गेलो, रावसाहेबांनी शिकवल्याप्रमाणे त्याच्या पाठीवरून सावकाश हात फिरवला आणि म्हणालो, "हां, अस्सं." तो आणखी ताठ झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मुलं चौथीपासून माझ्याकडे मोर काढत होती. एकाचाही मोर मोरासारखा झाला नव्हता.

त्या संध्याकाळी मी पंख आणि पिल्लू घेऊन बंगलीवर प्रात्यक्षिक द्यायला गेलो. रावसाहेब गावात गेले होते. कालिंदीनं पंख हातात घेतला, नाकाशी नेला, माझ्याकडे पाहिलं, परत नाकाशी नेला.

"मास्तर, हा ठेवता कुठं?"

"डब्यात."

"कसल्या?"

"पत्र्याच्या."

"आणि तुम्हाला काही..." ती थांबली. "काही नाही. छान शिकवताय."

मला तेवढं बस होतं. घरी जाताना मी शीळ घातली.

पुढं तर ऑडिटरची प्रगती पाहून मीच थक्क होत गेलो. आक्का दुपारी आमटीला फोडणी द्यायच्या वेळी तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यासमोर रोख धरून उभा राहू लागला. खिडकीच्या गजावर चिमण्या बसत असत. इतक्या दुरून त्यांचा वास घेणारं कुत्रं रावसाहेबांनीही पाहिलं नसेल, असं मला वाटलं. बाजारात नेलं तर मगनशेटच्या किराणा दुकानासमोर तो असा गोठायचा की गिऱ्हाइकं वळसा घालून जायची. मी वर पाहिलं. दुकानाच्या पत्र्यावर पारवे होते.

"पारव्यांचा वास येतो त्याला," मी मगनशेटना सांगितलं.

"मास्तर, त्याला माझ्या दुकानातलं काहीतरी पाहिजे," मगनशेट म्हणाले. पण किराणा विकणाऱ्या माणसाला कुत्र्यातलं काय कळणार?

*

थंडी पडली आणि तिच्याबरोबर मुंबईहून कर्णिक आले.

कर्णिक हे रावसाहेबांच्या मेहुण्यांनी सुचवलेलं स्थळ. टायरच्या कंपनीत मोठा हुद्दा, नवी कोरी दुनळी बंदूक, आणि अंगात एक खाकी कोट. त्याला इतके खिसे होते की एखादं बिऱ्हाड त्यात मावलं असतं. पाठीमागंही एक भला मोठा खिसा होता, मारलेले पक्षी ठेवायला. गवे, रानडुकरं, एक बिबट्या असा त्यांचा हिशेब ते जेवताना सांगत आणि भाकरीच्या तुकड्यानं गवा कुठून आला ते ताटात दाखवत.

"बघू या," रावसाहेब म्हणाले. "रविवारी माळावर जाऊ. मास्तर कुत्रं दाखवतील, तुम्ही नेम दाखवा." आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, माझा शब्द शब्द आहे. कुत्र्यानं रोख धरला तर तुम्ही. नाही धरला आणि यानं पक्षी पाडला तर हा. मुलीचं मत मी विचारलं. ती म्हणते, कुत्रं ठरवील ते मान्य."

कालिंदी एवढा मोठा निर्णय एका कुत्र्यावर सोडते, म्हणजे तिच्या मनात काही नाहीच असा मी अर्थ काढला.

रविवारी उजाडताच आम्ही माळावर होतो. रावसाहेब, कर्णिक, मी, ऑडिटर, आणि चहाची किटली घेऊन कालिंदी. बाभळीखाली काटक्या पेटवल्या. कर्णिकांनी कोट काढून फांदीला अडकवला आणि शेकत शेकत गव्याची गोष्ट पुन्हा सुरू केली. आता गवे दोन झाले होते. चहा झाल्यावर कालिंदी उठली, फांदीवरचा कोट तिनं काढला, त्याच्यावरची धूळ झटकली, कॉलर नीट केली, खिशांच्या पट्ट्या एकेक करून सरळ केल्या आणि कर्णिकांच्या पुढं धरला.

"थंडी आहे. घाला," ती म्हणाली.

तिनं माझ्या सदऱ्याकडे आजवर पाहिलंसुद्धा नव्हतं. उरलेला चहा मी मातीत ओतला.

"सोडा कुत्रं," रावसाहेब म्हणाले. "आणि कर्णिक, एक लक्षात ठेवा. कुत्र्यानं रोख धरल्याशिवाय बार टाकायचा नाही."

मी दोरी सोडली. ऑडिटर नाक खाली घालून, गवतातून डावीउजवीकडे झोके घेत असा देखणा निघाला की रावसाहेबांच्या मिशा हलल्या. समोर बोराटीची जाळी होती. जाळीच्या कडेला वाळूत पावलं उमटलेली, ताजी. रावसाहेबांनी मला डोळ्यांनी खूण केली: आत आहेत. ऑडिटर जाळीपाशी पोचला. मी श्वास रोखला.

तो जाळीत शिरला, पलीकडून बाहेर पडला, आणि खाली बसून मागच्या पायानं कान खाजवू लागला. त्याच्या डोक्यावरून फडफड फडफड करत दहा-बारा तित्तर उठले. एक तर त्याच्या शेपटीला घासून गेला. त्यानं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं लग्नात अनोळखी पाहुण्याकडे पाहतात.

रावसाहेबांनी आभाळाकडे पाहिलं. कालिंदीनं किटलीकडे पाहिलं. मी कुठं पाहावं हे न कळून ऑडिटरकडे पाहिलं. तो दुसरा कान खाजवत होता.

"हा हा!" कर्णिक म्हणाले. "मास्तर, याला शाळेत घाला!" आणि नियम विसरून त्यांनी खांद्याला बंदूक लावली आणि धाड्‌! बार काढला.

तित्तर होते तितकेच पुढं गेले.

"लागला!" कर्णिक ओरडले. "त्या झुडपामागं पडला. थांबा, मीच आणतो." आणि ते लगबगीनं झुडपाकडे निघाले.

पण बार झाला होता, आणि बार म्हणजे जेवण. ऑडिटर कान टाकून पळत सुटला, झुडपाच्या आधीच कर्णिकांना गाठून त्यांच्या पुढ्यात शहाण्यासारखा बसला आणि दहीभाताची वाट पाहू लागला.

"चल हट!" कर्णिक म्हणाले.

ऑडिटरनं नाक वर केलं. एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग तो हळूच उभा राहिला. डावा पाय वर गेला. शेपूट लोखंडी सळईसारखी ताठ झाली. नाक सरळ कर्णिकांच्या कोटावर. असा रोख मी परसात कधी पाहिला नव्हता. दगडात कोरला असता तर तोही थोडा हलला असता.

"अहो, याला घ्या!" कर्णिक बाजूला सरकले. ऑडिटर दोन पावलं त्यांच्यामागं सरकला आणि पुन्हा थिजला. कर्णिक बाभळीमागं गेले. ऑडिटर बाभळीमागं गेला. कर्णिक बाभळीच्या या बाजूनं बाहेर आले, ऑडिटर त्या बाजूनं येऊन समोर पाय उचलून हजर. बाभळीभोवती दोघांचे फेरे होऊ लागले. मीही मागोमाग धावत होतो आणि तोंडानं, सवय म्हणून, "हां, अस्सं, हां, अस्सं" म्हणत होतो.

"कुणी हलू नका!" रावसाहेब गरजले.

आम्ही तिघंही थांबलो. रावसाहेब बंदूक घेऊन पावलं मोजल्यासारखे पुढं आले. त्यांचा चेहरा देवळात जाणाऱ्या माणसाचा झाला होता.

"कुत्र्यानं रोख धरलाय," ते खालच्या आवाजात म्हणाले, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं बंदूक खांद्याला गेली.

"रावसाहेब!" कर्णिकांचे दोन्ही हात वर. "मी आहे हो! कर्णिक!"

"ते मला दिसतंय. कुत्र्याला काय दिसतंय ते बघतोय." बंदूक खाली झाली. "कमिशनरचं पोर आहे. उगाच पाय उचलायचं नाही. खिसे दाखवा."

"खिसे? अहो, पण..."

"मागचा."

"त्यात काही नाही. रुमाल आहे."

"मग रुमाल दाखवा."

कर्णिकांनी हात मागं नेला. बराच वेळ तो तिथंच राहिला. शेवटी रावसाहेबांनीच खिशात हात घातला आणि बाहेर काढला. हातात दोन लावे होते. मेलेले, कालचे, गार. रावसाहेबांनी ते उजेडाकडे धरले. दोघांचेही पाय सुतळीनं नीट बांधलेले होते.

रावसाहेबांनी ती गाठ अंगठ्यानं उलटून पाहिली.

"कर्णिक," ते म्हणाले, "मुंबईकडे लावे पाय बांधून उडतात का?"

*

कर्णिक दुपारच्या गाडीनं गेले. गाठ बाजारातल्या पिंजरेवाल्याची होती. शनिवारच्या बाजारात तो लाव्यांना तीच गाठ मारून विकत असे. झुडपामागं जाऊन खिशातला पक्षी हातात घेऊन यायचं, एवढाच कर्णिकांचा शिकारीचा बेत होता.

"पण तित्तर का सोडले यानं?" मी रावसाहेबांना विचारलं.

"उडते पक्षी कुणीही ओळखतं, मास्तर," रावसाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा अगदी सरळ होता. "लबाडी ओळखणारं कुत्रं मी पहिल्यांदा पाहतोय. तुम्ही शिकवलंत." मग पपईकडे पाहत म्हणाले, "तर तो दुसरा विषय."

माघात आमचं लग्न झालं. पंगत बसायच्या वेळी ऑडिटर आचाऱ्याच्या आमटीच्या पातेल्यासमोर पाय उचलून उभा होता. आचारी घाबरला, मी त्याला समजावलं की मांडवावर पारवे असतील.

त्यानंतरची सगळी वर्षं मी कुत्रं शिकवण्यातला जाणकार म्हणून काढली. कुणाच्या घरी पिल्लू आलं की मला बोलावणं यायचं. मी बांबू, दोरी, धीर या विषयावर बोलायचो आणि शेवटी कर्णिकांच्या खिशाची गोष्ट सांगायचो. ऑडिटर म्हातारा होऊन गेला, रावसाहेब गेले, माळावर कॉलनी झाली. गोष्ट तेवढी तरुण राहिली.

परवा नातजावयाला ती सांगत होतो. तोही कुत्रं घ्यायच्या विचारात आहे. मी नेहमीप्रमाणे शेवटाला आलो: "कुत्र्याचं नाक खोटं बोलत नाही!" तेवढ्यात स्वयंपाकघरातून कालिंदीचा आवाज आला.

"अहो, आता पुरे. तो बिचारा खरं समजून कुत्रं शिकवायला बसेल."

मी उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेलो. "म्हणजे?"

ती कढईत तेल तापवत होती. "आक्कांचा तो डबा कसला होता, कधी विचारलंत?"

"पत्र्याचा."

"हिंगाचा. बारा वर्षं त्यात खडा हिंग होता. तो पंख मी नाकाशी नेला तेव्हा मला ठसका लागायचा बाकी होता. तुमच्या ऑडिटरला तित्तर ठाऊकच नव्हते. त्याला वाटायचं, पक्षी म्हणजे हिंग."

मी उंबऱ्यात उभा होतो. डोळ्यांपुढून मगनशेटचं दुकान, आक्कांची फोडणी आणि लग्नातलं पातेलं एकामागून एक शांतपणे गेलं.

"पण कर्णिक?" मी म्हणालो. "त्यांच्याकडे तर लावे होते. हिंग नव्हता."

"चहा होईपर्यंत नव्हता."

तेल तापलं होतं. तिनं मोहरी टाकली.

"शनिवारच्या बाजारात मी त्यांना पिंजऱ्यांपाशी घासाघीस करताना पाहिलं," ती म्हणाली. "बाबांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, पोरीला मुलगा पसंत नाही म्हणून चुगली करते. कुत्र्यानं सांगितलं की पुरावा झाला. आक्कांकडून चांगला सुपारीएवढा खडा आणला होता. मुंबईला गेला तो त्या कोटातून."

"आक्कांनाही ठाऊक होतं?"

"आक्का म्हणाल्या, कमी पडला तर आणखी ने."

"आणि बाबा? त्यांनी तर माझं किती कौतुक..."

"बाबांचं नाक शाबूत होतं हो. तुम्ही पंख घेऊन बंगलीवर यायचात तेव्हा फाटकापासून कळायचं त्यांना. एकदा मला म्हणाले, पोरगा कुत्र्यासाठी नाही, तुझ्यासाठी गिरक्या घेतोय; घेऊ दे. अख्ख्या गावात नाक बंद होतं ते एकट्या तुमचं."

तिनं चिमूटभर हिंग तेलात सोडला. चर्र झालं. वास आला असणार; बाहेरून नातजावई "वा!" म्हणाला. मला काही आला नाही. मी तसाच पाहत राहिलो, तिच्या हाताकडे, कढईकडे, परत हाताकडे.

कढई उतरवून ती ताटं घ्यायला माझ्या बाजूनं निघाली आणि थांबली. तिनं खाली पाहिलं. मग मीही पाहिलं. आत टाकायला उचललेला माझा डावा पाय उंबऱ्याच्या वर अजून तसाच होता.

कालिंदी हसली नाही. जाता जाता तिनं माझ्या पाठीवरून सावकाश हात फिरवला.

"हां," ती म्हणाली, "अस्सं."